खापरावरचे हात

सावद्याच्या भारंबे जावांचे मांडे ज्या लग्नात नसत, ते लग्न कायद्याने लागलेलं असेलही, पण आसपासच्या गावांत ते लागलं असं कुणी मनापासून मानत नसे. साल होतं २०४४. कार्यालयांत वरण यंत्र शिजवत होतं, बट्ट्या यंत्र तळत होतं, आणि पंगतीत चाकांवरचे ट्रे फिरून 'अजून घ्या' असं गोड आवाजात म्हणत होते. मांड्यापुढे मात्र यंत्राने हार मानली होती. पुरण भरलेला सैल कणकेचा उंडा हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरायचा, पालथ्या तापलेल्या खापरावर टाकायचा आणि कडा सुटली की दोन्ही हातांनी अलगद उचलून त्याची घडी घालायची. लाटणं नाही, चिमटा नाही. पुण्याचे दोन इंजिनिअर एकदा रबरी हात बनवून घेऊन आले होते. त्या हातांनी पहिला मांडा फाडला, दुसरा जाळला. तिसरा ताईने केला, तो खाऊन इंजिनिअर परत गेले.

ताई म्हणजे मोठी जाऊ, ज्योत्स्ना. खापरापुढे ती बसे. तळहात असे की तापल्या मडक्याला खुशाल टेकावेत. लोक ताटं हातात धरून रांगेत उभे राहत, तिच्या हातांचे व्हिडिओ काढत, आणि ताईही नेमकी चांगला मांडा उचलताना मान वर करी.

हर्षला, धाकटी, कनातीच्या मागे बसे. कणीक तिंबणं, ताणून पाहणं, पुरणाचा गोळा उंड्यात असा भरणं की पसरताना कुठे गाठ राहू नये, हे सगळं तिचं. मांडा फाटतो तो खापरावर नव्हे, कणकेत फाटतो, हे जाणणारे दोनच जण होते. एक हर्षला आणि दुसरी ताई. आणि ताई ते चारचौघांत बोलत नसे.

कनात लागली त्याला कारण होतं. हर्षलाच्या दोन्ही कोपरांवर, नडग्यांवर आणि केसांच्या कडेला सोरायसिस होता. लालसर चट्टे, वर चंदेरी पापुद्रे. संसर्गाचा रोग नव्हे, हे डॉक्टरांनी लिहून दिलं असतं, पण पंगतीत कोण डॉक्टरांचं लिहिलेलं वाचतं? लग्न होऊन आली त्या वर्षी एका वरमाईने तिच्या कोपराकडे पाहून ताट खाली ठेवलं होतं. ताईने त्याच दिवशी कनात बांधली. कुणी विचारलंच तर सांगे, "धाकटीला भाजलंय जरा." गेली वीस वर्षं धाकटीला जरा भाजलेलंच होतं.

या कनातीचा हिशेब हर्षलाने मनात पुष्कळदा मांडला होता. एका बाजूला ताईने तिला लोकांच्या नजरेतून वाचवलं, धंद्यात ठेवलं, वाटा बरोबरीचा दिला. दुसऱ्या बाजूला नाव ताईचं झालं, व्हिडिओ ताईचे झाले. दोन्ही बाजू खऱ्याच होत्या, त्यामुळे बेरीज कधी जुळत नव्हती. जुळली नाही की ती कणीक अजून थोडी तिंबत असे.

दिवसाचं काम संपलं, अंघोळी झाल्या, की दोघी ओसरीवर समोरासमोर बसत. सासूने लावलेली पद्धत होती. घरात त्याला 'हात उतरवणं' म्हणत. कोमट तिळाच्या तेलात बोटं बुडवून एकीने दुसरीचे हात चोळायचे, मग दुसरीने पहिलीचे. थकल्या हाताला स्वतःला चोळता येत नाही, असं सासूबाई म्हणत. सासूबाई गेल्या, पद्धत राहिली. दिवसभर किती का धुसफूस झालेली असेना, पाऊण तास हात एकमेकींच्या हातांत. एखाद्या दिवशी कुणी हात पुढे केला नाही, तर गल्लीतल्या बायका दुसऱ्या दिवशी वाटणीच्या गोष्टी करू लागल्या असत्या.

त्या कार्तिकात हर्षला भुसावळच्या डॉक्टर पिंजारींकडे गेली. तन्वीर पिंजारी तरुण होता, सगळ्या बायकांना काकू म्हणायचा, आणि समजावून सांगायची त्याला भारी हौस.

"काकू, कातडीच्या तळाशी पेशी जन्मतात," त्याने कागदावर विटांचे थर काढले. "वर सरकता सरकता त्या मोठ्या होतात, चपट्या होतात, एकमेकींना घट्ट धरून भिंत होतात, आणि शेवटी मरून गळून पडतात. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. तुमच्या कोपरावर त्या चार-पाच दिवसांत वर येतात. मोठ्या न होताच, पोरवयातच. म्हणून भिंत कच्ची आणि पापुद्रे फार."

"म्हणजे घाई करतात."

"फार घाई. आता त्यांना 'सावकाश' म्हणणारं कोण? ड जीवनसत्त्व. आपण ते हाडांचं म्हणून ओळखतो, पण ते बनतं कातडीत, उन्हाने, आणि कातडी त्यातलं थोडं स्वतःसाठी वापरते. त्याचं काम करणारं रूप पेशीच्या आत जाऊन एका कुलपात बसतं. बसलं की पेशीला दोन निरोप मिळतात: वाढून दोन होणं कमी कर, आणि आहेस तेवढी नीट मोठी हो. मग ती भिंतीचं सामान बनवायला लागते."

"त्याचं मलम मी लावलंय की. लावलं की जातं, सोडलं की येतं. जावयासारखं."

डॉक्टर हसला. त्याने फ्रीजमधून एक लहान बाटली काढली. "यात औषध नाही, औषध करणारा आहे. आपल्या कातडीवर निरुपद्रवी जंतू राहतातच. त्यांतल्या एकाला बंगळुरूच्या लोकांनी शिकवलंय. पेशी घाई करायला लागल्या की त्याला चाहूल लागते, आणि तो ते जीवनसत्त्व तिथल्या तिथे लागेल तेवढंच बनवतो. दुधाला विरजण लावतो ना आपण, तसं कातडीला लावायचं. एकदा लागलं की अंगभर पसरतं."

"आणि दुसऱ्याला लागलं तर?"

"तीच तर गंमत. त्याचं पोट एका खास साखरेवर चालतं. ती साखर या दुसऱ्या बाटलीतल्या लोशनमध्ये आहे, निसर्गात कुठे नाही. तुम्ही रोज संध्याकाळी अंघोळीनंतर लोशन लावायचं. नाही लावलं तर दोन-तीन आठवड्यांत तो उपाशी मरतो. दुसऱ्याला चुकून लागला तरी तिथे त्याला जेवायला कोण घालणार?"

बाटली बनवणाऱ्या कंपनीने पुष्कळ विचार केला होता. हस्तांदोलन धरलं होतं, नवरा-बायको धरले होते, अंगावरचं मूल धरलं होतं. लोशनने माखलेल्या हातांनी एखादी बाई दुसरीचे हात दररोज पाऊण तास तेल लावून चोळत बसेल, हे बंगळुरूत कुणाच्या डोक्यात आलं नाही. हर्षलाच्याही नाही.

पौषापर्यंत पापुद्रे गेले. माघात कोपर इतकं साफ झालं की ती आरशाकडे पाठ करून, मान वळवून ते पाहू लागली. तिने अर्ध्या बाह्यांची ब्लाउजं शिवायला टाकली. तिचा नवरा योगेश, जो वीस वर्षांत तिच्या कातडीबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलला नव्हता, त्याला अचानक तिला घेऊन मित्रांच्या घरी जायचं सुचायला लागलं. आपण काही बोललो नाही याचंच त्याला कौतुक होतं. ते हर्षलाने त्याच्याकडे राहू दिलं.

तिला हवं होतं ते वेगळंच. तिला खापरापुढे बसायचं होतं. दुसऱ्याने उचललेला मांडा तिने हजारो वेळा कनातीच्या फटीतून पाहिला होता. स्वतः एकही उचलला नव्हता. एकदा कणीक तिंबता तिंबता ती सहज म्हणाली, "ताई, आता कनात कशाला?"

"राहू दे गं, धूळ येते," ताई म्हणाली. बंद कार्यालयात, वातानुकूलित हॉलमध्ये.

फाल्गुनात पहिल्यांदा ताईच्या हातून मांडा निसटला. खापरावर अर्धा, जमिनीवर अर्धा. ताईने "तूप सांडलं होतं" म्हणून वेळ मारून नेली, पण हर्षलाने फटीतून पाहिलं होतं. ताईने हात झटकला होता, जसा कोणीही भाजल्यावर झटकतो. ताईला भाजणं, हेच नवीन होतं.

त्या संध्याकाळी हात उतरवताना हर्षलाचा अंगठा ताईच्या तळहातावरून फिरला आणि थबकला. करंगळीखालचा घट्टा, जो तिला डोळे मिटून सापडायचा, तिथे मऊ होतं. तिने बोटांची मुळं चाचपली. तिथेही मऊ. अगदी तिच्या स्वतःच्या तळहातासारखं, अलीकडे झालं होतं तसं.

तिला काय झालं ते लगेच कळलं. हर्षला पदवीधर नव्हती, पण विरजण कसं लागतं हे कुणी शिकवायची तिला गरज नव्हती.

ती खालमानेने चोळत राहिली. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी वाकोदचं मोठं लग्न होतं. तिसऱ्या दिवशी ताईचं डोकं दुखत होतं. न सांगायला दर दिवशी एक चांगलं कारण मिळतं, आणि कारणं चांगली असली की माणसाला आपण वाईट वागतोय असं वाटत नाही. हात उतरवणं थांबवावं, तर ताई विचारणार का. आणि या सगळ्या कारणांच्या खाली एक कारण होतं, ज्याच्याकडे हर्षला पाहत नव्हती: ताईच्याने होईनासं झालं, की खापरापुढची जागा रिकामी होते.

पुढचा महिनाभर ताई बोटांना बारीक चिकटपट्ट्या लावून बसली. मांडे लहान होऊ लागले. रांगेतले लोक अजून व्हिडिओ काढत होते. ताई मान वर करत नव्हती.

चैत्र संपता संपता हर्षला भुसावळला गेली. डॉक्टर पिंजारीने ऐकून घेतलं, मग पेन खाली ठेवलं.

"रोज? पाऊण तास?"

"सासूबाईंची पद्धत आहे."

"आणि लोशन लावून लगेच."

"तुम्हीच म्हणालात, अंघोळ झाली की."

तो काही वेळ हसावं की काळजी करावी हे ठरवत होता. मग म्हणाला, "काकू, त्यांना धोका काही नाही. रगडलं, भाजलं, की कातडी घाबरते आणि थरावर थर चढवते, तो घट्टा. हा जंतू तिला घाबरू देत नाही, एवढंच. तुम्ही चोळणं थांबवा. दोन-तीन आठवड्यांत तो मरेल, मग काम करतील तसे त्यांचे हात पुन्हा होतील. मला मात्र हे कंपनीला कळवावं लागेल."

"आणि माझे हात? मला खापरावर बसायचं असेल तर?"

"तुमचे घट्टे पडणारच नाहीत. जंतू तळहातावर नको असेल तर तेही जमणार नाही. त्याचं खरं घर घामाच्या ग्रंथी, आणि त्या सर्वांत दाट तळहातालाच असतात. एक तर सगळीकडे, नाही तर कुठेच नाही."

भुसावळ-सावदा बसमध्ये केळीच्या बागा मागे जात होत्या आणि हर्षला मनातल्या मनात बाकी काढत होती. महिनाभर गप्प राहून तिने जे मिळवायचं म्हटलं होतं, ते मिळणारंच नव्हतं. ताईची जागा रिकामी झाली तरी तिच्या कामाची नव्हती. तिला शरमेपेक्षा आधी राग आला, फुकट लबाडी केल्याचा. शरम बस थांब्यावर उतरल्यावर आली.

संध्याकाळी ताई तेलाची वाटी घेऊन ओसरीवर बसली, हात पुढे केले. हर्षलाने ते घेतले नाहीत.

"का गं?"

"ताई, तुमचे हात मऊ झालेत ते माझ्यामुळे. माझं औषध तुम्हाला लागलंय. मला फाल्गुनातच कळलं होतं."

ताईने हात मागे घेतले नाहीत. ते तसेच दोघींच्या मधे राहिले. मग ती म्हणाली, "मला माघात कळलं."

"माघात?" हर्षलाने विचारलं.

"माघात चेतनकडे गेले नव्हते का पुण्याला, नातीच्या बारशाला? तिला मांडीवर घेतलं, टाळूवर हात ठेवला, तर ती टाळू उडते ना लहान पोरांची, ती मला हाताला लागली. म्हटलं, हे काय? चेतनच्या वेळी मला कधीच लागली नव्हती." ताईने आपला तळहात उलटा-सुलटा करून पाहिला. "चेतन चार वर्षांचा असताना म्हणाला होता, आई, तुझा हात टोचतो. पोर बोलून गेलं, विसरलंही. मी तेव्हापासून त्याला हाताच्या पाठीने थोपटायची. तुला आठवत नसेल."

हर्षलाला आठवत होतं. ताईची ती एक लकब आहे असंच तिला वाटत आलं होतं.

"मग घरी येऊन हात उतरवायला बसलो, तुझा हात तसाच. म्हटलं, हे हिचंच. बोलले असते तर तू चोळायचं थांबली असतीस."

"म्हणून गप्प बसलात? भाजून घेत?"

"तू नाही का बसलीस, मला भाजू देत?"

हर्षलाने मनात हिशेब मांडला. फाल्गुन ते चैत्र एकीचं, माघ ते चैत्र दुसरीचं. दोघींची लबाडी साधारण सारख्याच वजनाची निघाली. ताईची जरा जास्तच भरली, पण ती मोठी होती.

"घेतलेली लग्नं उरकते, पण पुढे मी काही खापरावर बसणार नाही," ताईने वाटीत बोट बुडवून उगाच तेल ढवळलं. "तू बस. तुला बसायचंच होतं ना? कनातीच्या फटीतून माझ्या पाठीला भोक पडायची वेळ आली होती."

वीस वर्षं जी जागा मागितली नव्हती, ती अशी जुनं पातेलं द्यावं तशी समोर आली. आणि हर्षलाला सांगावं लागलं की ती आपल्याला घेता येत नाही, घ्यायची तर कोपरं परत द्यावी लागतील.

ताईने नीट ऐकलं. "मग मांडे बंद," ती म्हणाली. "नाही तरी किती दिवस करणार होतो? फेगड्यांना फोन करून सांगते, तुळशीच्या लग्नानंतर तुमच्या मुलीचं लग्न आहे, त्याला दुसरं कोणी बघा."

"दुसरं कोणी आहे का?"

"नाही. म्हणून तर फोन करायला गंमत येईल."

आषाढ लागला, लग्नं थांबली. ताई पुण्याला निघून गेली. तिचं विरजण मात्र चालू राहिलं, कारण कंपनीला ती हवीच होती: चोळून जंतू लागलेली जगातली पहिली बाई. त्यांनी तिला तिची स्वतःची बाटली दिली, दर महिन्याला पुण्यात तपासलं, आणि माहितीपत्रकात एक ओळ वाढवली: 'लोशन लावल्यानंतर इतरांच्या हातांना तेल चोळू नये.' ताईने ती ओळ फोनवर वाचून दाखवली. "वाचणारे म्हणतील, कोण बया आहे ही."

हर्षला घरी होती. कातडी साफ होती, हातात काम नव्हतं. ती योगेशबरोबर दोन वास्तुशांतींना जाऊन आली, अर्ध्या बाह्यांत. लोकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. हेच तर हवं होतं, कुणी पाहू नये. पण घरी आल्यावर तिला वाटलं, नुसतं न पाहण्यासाठी एवढं केलं का आपण? कनातीमागेही कुणी पाहत नव्हतंच.

एकदा दुपारी तिने परसात शेगडीवर खापर पालथं घातलं, थोडी कणीक तिंबली, उंडा भरला, आणि हातांवर घेतला. तो पसरत गेला. मनगटावरून, कोपरावरून, इतका पातळ की पलीकडची पेरूची पानं दिसावीत. हात आधीपासून जाणत होते असं ते झालं. खापरावर टाकला, कडा सुटली, उचलायला बोटं खाली घातली, आणि पोळली तशी मागे ओढली. मांडा तिथेच काळा झाला. तिने बोटं पाण्यात धरली आणि काळ्या मांड्याकडे बराच वेळ पाहत बसली. बोटं मागे घेण्याआधी क्षणभर मांड्याचं वजन त्यांना लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने लोशनची बाटली डॉक्टर पिंजारीच्या टेबलावर ठेवली.

"काकू, हे वेडेपण आहे," तो म्हणाला. "चट्टे परत येतील. आणि या रोगात जिथे भाजतं, कापतं, तिथे नवा चट्टा उठू शकतो. तळहातावर उठला तर?"

"तर तुमच्याकडे येईन. ते जुनं मलम द्या. जावयाचं."

"ते पूर्ण काम करणार नाही."

"निम्मं करतं ना? निम्म्यात भागवायची सवय आहे मला."

"पण का?"

हर्षलाने सांगायचा प्रयत्न केला. कणकेबद्दल बोलली, वजनाबद्दल बोलली. तिला ते धड सांगता येईना. शेवटी म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला कुणी म्हटलं, तुमचे केस दाट करून देतो, पण उद्यापासून पेशंटला हात लावायचा नाही, तर?"

तिशीतच टक्कल पडू लागलेल्या पिंजारीने तिच्याकडे जरा दुखावल्यासारखं पाहिलं, आणि मलम लिहून दिलं.

भाद्रपदात कोपरं लाल झाली, आश्विनात पापुद्रे आले. खाज अंथरुणात येई, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसत. योगेश पुन्हा गप्प झाला, आणि या वेळी तिला ते ऐकू आलं. ती रोज दुपारी परसात खापर तापवी. आधी दोन बोटं, मग चार, मग तळवे. फोड आले, फुटले, सुकले. कातडी घाबरली, आणि घाबरून तिने थरावर थर चढवायला सुरुवात केली. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी एक लहान चट्टाही उठला. डॉक्टरचं खरं होतं.

दिवाळीला ताई आली. हर्षलाचे हात पाहिले, कोपरं पाहिली. बोलली एवढंच, "फेगड्यांना फोन केला नव्हता मी. म्हटलं, बघू."

आता ओसरीवर वाटी निघत नव्हती. ताईच्या हातांवर संध्याकाळी विरजण आणि लोशन दोन्ही असत, ते चोळून हर्षलाला लागून चालणार नव्हतं. संध्याकाळी दोघी समोरासमोर बसत, एकीने शेंगा फोडाव्यात, दुसरीने लसूण सोलावा. गल्लीत वाटणीच्या गोष्टी सुरू झाल्या त्या झाल्याच.

फेगड्यांच्या मुलीचं लग्न मोठं होतं. केळीच्या व्यापाऱ्याचं, आखाती देशांतले पाहुणे. सकाळी हॉलमध्ये सामान उतरवताना हर्षलाने सवयीने कनातीचे बांबू शोधले.

"नाही आणले," ताई म्हणाली. "धूळ कुठाय इथे?"

ती उजव्या अंगाला कणकेची परात घेऊन बसली, हर्षला खापरापुढे. कोपरांपर्यंत बाह्या वर. पदर घेता आला असता, पण मांडा पसरायला हात मोकळे लागतात.

रांग लागली. पहिल्या मांड्याची कड जरा फाटली. दुसरा नीट उतरला. चौथ्या-पाचव्याला तिला रांगेतली हालचाल जाणवली. कुणीतरी कुणाच्या कानाला लागलं. मग नवरीची आत्या, जरीची साडी, हातात रिकामं ताट, बाजूने येऊन ताईजवळ वाकली.

"ज्योत्स्नाबाई, तुम्ही बसायच्या ना? यांच्या हातांना काय झालंय?"

हर्षलाने उंडा हातावर घेतला होता. तिने मान वर केली नाही. ताईच्या तोंडी आता 'जरा भाजलंय' येणार, हे तिला ठाऊक होतं, आणि तेवढं ऐकून घ्यायची तिने तयारी ठेवली होती.

"सोरायसिस आहे," ताई म्हणाली. आवाज रांगेला ऐकू जाईल एवढा. "लागण होत नाही. तिच्या कातडीला घाई आहे, महिन्याचं काम चार दिवसांत उरकते. आमच्या घरात सगळ्यांत कामसू तीच, मी तर गेली वीस वर्षं तिच्या कणकेवर नाव कमावलं. तुम्हाला नको असेल तर पलीकडे गुलाबजाम आहेत."

आत्या सरळ झाली. तिने ताट छातीशी धरलं आणि पलीकडे गेली. तिच्यामागून आणखी काही जण गेले. कुणी सरळ गेलं, कुणी फोन आल्यासारखं करून. रांगेत मोकळ्या जागा पडल्या, मग मागचे लोक पुढे सरकले आणि त्या भरल्या, सगळ्या नाही.

ताई कणीक तिंबू लागली. जोर जरा जास्तच होता; हर्षलाने ते नजरेने सांगितलं, आणि ताईने कमी केला.

हर्षलाच्या हातांवरचा मांडा एवढ्यात पसरून झाला होता. तिने तो खापरावर टाकला, कड सुटेपर्यंत थांबली, बोटं खाली घातली. पोळलं. तिने हात काढला नाही. मांडा सबंध वर आला, वाफेसकट, आणि तिने त्याची घडी घातली.

समोर एक म्हातारे गृहस्थ ताट पुढे करून उभे होते. ते तिच्या कोपराकडे पाहत होते, हे तिला दिसत होतं.

"तूप थोडं की भरपूर?" तिने विचारलं.